साडूचे सात टक्के

चष्मेवाल्याच्या पोटात दुखायला लागलं ते एका रविवारी दुपारी, सासूबाईंच्या जेवणाच्या टेबलावर, आणि त्यात जेवणाचा काही दोष नव्हता. दोष होता त्याच्या साडूचा.

साडू हे नातं ज्याने कुणी काढलं त्याला माणसं छळायची हौस असावी. भाऊ म्हणावं तर रक्त वेगळं, मित्र म्हणावं तर निवडलेला नाही. दोघांनी एकाच घरातल्या मुली केल्या, एवढ्या भांडवलावर जन्मभर एकमेकांच्या ताटात डोकवायचं. चष्मेवाला थोरलीचा नवरा. बाजारातल्या गल्लीत त्याचं एका दाराचं दुकान होतं. पुढे फ्रेमांचं कपाट, मागे काच घासायचं यंत्र. धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. म्हणजे धंदाच असा की हा माणूस दिवसातून वीस वेळा वर जाणार, आणि चष्मेवाला आपला आयुष्यभर तळमजल्यावर. हा विनोद एकदा चष्मेवाल्यानेच केला होता. सगळे हसले, साडू सगळ्यांत जास्त हसला, आणि चष्मेवाल्याला तेही आवडलं नव्हतं.

त्या रविवारी साडू सहज बोलून गेला. मीठ मागावं इतक्या सहज. म्हणाला, चार महिन्यांपूर्वी आम्ही एक दरमहा बचत खातं उघडलंय, त्यावर सात टक्के मिळतात. सासूबाईंना हल्ली जरा कमी ऐकू यायचं, पण टक्के मात्र स्पष्ट ऐकू यायचे. त्यांनी डाव खाली ठेवला.

“सात!” त्या म्हणाल्या, आणि थोरल्या जावयाकडे वळल्या. “आणि तुम्हाला किती मिळतं हो?”

“चार,” चष्मेवाला म्हणाला.

“असू दे, असू दे,” असं म्हणून सासूबाईंनी त्याला न विचारता आणखी एक डाव भात वाढला. आजाऱ्याला वाढतात तसा. ते ‘असू दे’ त्याला चारापेक्षा जास्त झोंबलं. पण खरा घाव पुढेच होता. त्याची बायको, थोरली, साडूकडे बघून हसली आणि म्हणाली, चांगलं झालं, तुमचं एकदाचं मार्गी लागलं. हसणं मनापासूनचं होतं. कौतुकाचं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या चार टक्क्यांवर ही बाई कधी अशी हसल्याचं चष्मेवाल्याला आठवेना.

आता ते चार टक्के काय होते, ते सांगायला हवं. थोरली एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात इस्त्रीवर होती. दिवसभर चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले. हातांच्या मागच्या बाजूला वाफेने भाजल्याचे जुने-नवे डाग, आणि संध्याकाळी घरी आल्यावर पाय खुर्चीवर घेतल्याशिवाय तिला बोलता यायचं नाही. तिला त्यातून बाहेर पडायचं होतं. चष्म्याच्या दुकानाच्या बाजूची खोली रिकामी होणार होती. तिथे कपडे बेतून द्यायचं, उसवलेलं शिवून द्यायचं दुकान टाकायचं, हे तिचं ठरलेलं. त्यासाठी दोघांनी मिळून दोन वर्षांची मुदत ठेव ठेवली होती. मुद्दल खोलीच्या अनामतीचं आणि व्याज शिलाई मशीनचं, अशी सरळ वाटणी. मशीन तिने पसंतही करून ठेवलं होतं. जुन्या मशीनच्या दुकानात येता-जाता शिरायची, त्याचं चाक एकदा फिरवून बघायची आणि परत यायची. ठेवीवर दोघांचं नाव होतं. पैसे काढायला दोघांपैकी कुणा एकाची सही पुरे, ही सोय थोरलीनेच करून घेतली होती. नवऱ्यावर विश्वास नसेल तर ठेवायचा कुणावर, असं ती बँकेत हसत म्हणाली होती.

रविवारची रात्र चष्मेवाल्याने कूस बदलत काढली. सात वजा चार तीन, हे पहिलीतल्या पोरालाही येतं. त्याने ते उशीवर डोकं ठेवून शंभरदा करून पाहिलं. दरवेळी तीनच उरले, आणि ते तीनही साडूकडे.

सोमवारी नेमका साडूच दुकानात हजर. गेले काही दिवस जवळचं वाचताना अक्षरं नाचतात म्हणाला. चष्मेवाल्याला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. वय झालं तर झालं, ह्याचंही झालं. त्याने साडूला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर चाचणीची जड फ्रेम चढवली आणि एकेक भिंग टाकत विचारत गेला, आता बरं की मघाचं बरं. सव्वावर येऊन अक्षरं थांबली. साडू खूश. हातात धरलेला कागद वाचून म्हणाला, दादा, किती स्वच्छ दिसतंय हो, मी उगीच घाबरत होतो.

हीच वेळ होती. साडू समोर बसलेला, डोळ्यांवर चष्मेवाल्याची भिंगं, मनात उपकाराची भावना. नुसतं विचारायचं की बाबा रे, तुझं ते खातं चालतं कसं. दोन वाक्यांत उलगडा झाला असता, कारण साडू लपवणाऱ्यांतला नव्हता. पण साडूला विचारायचं म्हणजे साडूला माहीत आहे आणि आपल्याला नाही, हे कबूल करायचं. त्यापेक्षा चष्मेवाल्याने जीभ तोडून घेतली असती. त्याने भिंगं काढली, पुसली, जागेवर ठेवली आणि फ्रेमचे पैसे घेणार नाही म्हणाला. साडूने ते बळेच टेबलावर ठेवले आणि गेला. म्हणजे तिथेही वरचढ तोच.

मंगळवारी चष्मेवाल्याने दुकान उशिरा उघडलं. आधी आपल्या बँकेत गेला. तिथल्या काउंटरवर एक वयस्कर कारकून होता. त्याने ठेवीचा कागद दोनदा वाचला. म्हणाला, सव्वा वर्ष झालंय, आणखी नऊ महिने थांबलात तर पूर्ण चार टक्के मिळतील. आता मोडलीत तर एक टक्का दंड, तीनच्या हिशोबाने मिळेल. घरात काही अडचण आहे का, असंही विचारलं. चष्मेवाला म्हणाला, अडचण कसली, दुसरीकडे जास्त मिळतंय. किती, असं कारकुनाने विचारलं. सात, असं चष्मेवाल्याने सांगितलं, आणि ते सांगताना त्याला जे सुख झालं ते त्या सगळ्या प्रकरणातलं शेवटचं सुख. नऊ महिने सात टक्क्यांनी धरले तर दंड भरूनही मशीन घेऊन वर काही उरत होतं. हा हिशोब त्याने रात्रीच करून ठेवला होता. उरलेल्या पैशांत थोरलीला काय आणायचं तेही ठरवलं होतं. ती साडूकडे बघून हसली तशी आपल्याकडे बघून हसेल, आणि आपण म्हणू, त्यात काय एवढं.

एक सही पुरे होती. त्याने केली.

साडूची बँक दोन चौक पलीकडे. दर्शनी काचेवर सातचा आकडा, दारापेक्षा उंच. आत काउंटरवर एक तरुण मुलगी होती, हसतमुख. चष्मेवाल्याने ऐटीत सांगितलं की मला ते सात टक्क्यांचं खातं उघडायचंय, आणि सगळी रक्कम आजच भरायचीय. तिने रक्कम ऐकली आणि तिचं हसणं थोडं कमी झालं.

“काका, ह्या खात्यात एकदम भरता येत नाहीत,” ती म्हणाली. “दर महिन्याला भरायचे, आणि महिन्याला इतकेच.” तिने कागदावरच्या आकड्याखाली पेन ठेवलं. तो आकडा त्याच्या रकमेपुढे चिल्लर होता.

मग बाकीचे पैसे, त्याने विचारलं. बाकीचे साध्या खात्यात राहतील, ती म्हणाली, त्यावर जवळजवळ काहीच मिळत नाही. तिने आणखी समजावलं, कारण समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला तिला दिसला. पहिल्या महिन्याचे पैसे वर्षभर काम करतात, शेवटच्या महिन्याचे एकच महिना. पैसे जितके दिवस आत, तितक्याच दिवसांचे सात टक्के. वर्षअखेरीला भरलेल्या एकूण रकमेवर बघितलं तर हातात पावणेचारच्या आसपास पडतात. खातं चांगलंच आहे, पगारातून महिन्याला बाजूला टाकणाऱ्यासाठी ह्यापेक्षा चांगलं मिळायचं नाही. पण एकरकमी पैसा मुदत ठेवीतच बरा. तुमचे कुठे ठेवीत असतील तर मोडू नका हं, असंही ती वर म्हणाली.

पावणेचार. चष्मेवाल्याच्या धंद्यात पाव नंबर म्हणजे सगळ्यांत लहान फरक. पण चुकीच्या बाजूला पाव चुकला तर माणसाचं डोकं दुखतं. त्याचं दुखायला लागलं. साडू पावणेचारवर होता आणि तो स्वतः चारवर. इतके दिवस तोच पुढे होता. पुढे असलेल्या माणसाने मागच्याला गाठायला उलटं पळावं, असा प्रकार त्याने करून ठेवला होता.

तो तसाच उठून आपल्या बँकेत परत गेला. वयस्कर कारकुनाने मोडलेली ठेव जोडता येत नाही म्हणून सांगितलं. नवी ठेवता येईल, पण ह्याच महिन्यात दर उतरलेत, अडीच मिळतील, आणि कमीत कमी दोन वर्षं हात लावता येणार नाही. म्हणजे खोली हातची जाणार. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं; आणि इथे तर धुपाटणंही साडूच्या बँकेतलं. कारण शेवटी तो तिथेच परत गेला, ते खातं उघडलं, महिन्याचे पैसे भरले आणि उरलेले साध्या खात्यात टाकले. मुद्दल शाबूत राहिलं. मशीनचं व्याज जवळजवळ निम्म्यावर आलं.

त्या संध्याकाळी सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. थोरली चिडली असती, दोन दिवस अबोला धरला असता, मग दोघांनी मिळून काहीतरी मार्ग काढला असता. पण सांगायचं म्हणजे का मोडली तेही सांगायचं. त्याने उद्या सांगू म्हटलं. उद्याचे आठ महिने झाले.

ह्या आठ महिन्यांत त्याचा साडूवरचा राग गेला असेल असं तुम्हाला वाटेल. उलट वाढला. स्वतःवर रागवायला धैर्य लागतं. साडूवर रागवायला काही लागत नाही. हा त्या दिवशी बोललाच नसता तर, असं तो काच घासताना मनात म्हणायचा. घरी थोरली मशीनचं बोलायला लागली की तो गिऱ्हाइकांचं बोलायचा. खोलीला कुठला रंग लावायचा असं तिने विचारलं की म्हणायचा, बघू. एकदा ती म्हणाली, हल्ली तुम्ही माझ्याकडे बघून बोलत नाही. तो म्हणाला, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतो, थकतो माणूस. उत्तर बरं होतं, ती हसली. त्याला मात्र जेवण गेलं नाही.

आणि मग तो दुसरा रविवार आला. तेच टेबल, त्याच खुर्च्या. साडूचं खातं आदल्याच आठवड्यात वर्षाचं झालं होतं आणि सासूबाईंनी ते बरोबर लक्षात ठेवलं होतं. ताटं मांडून होत नाहीत तोच त्यांनी विचारलं, मग, सात टक्क्यांचे किती आले.

साडूने आकडा सांगितला. हळूच.

“एवढेच?” सासूबाई म्हणाल्या.

साडूचे कान लाल झाले. तो म्हणाला, मलाही कळलं नाही, मला वाटलं जवळजवळ दुप्पट येतील, बहुतेक बँकेनेच काहीतरी कापलं असेल. धाकटी ताटात बघत बसली. चष्मेवाल्याला पानभर उत्तर पाठ होतं. आठ महिने त्याने दुसरं काही घोकलंच नव्हतं. शहाण्याने गप्प बसावं अशी ती वेळ होती, आणि एरवी तो बसलाही असता; पण साडूचे ते लाल कान बघून त्याला राहवेना.

“कुणी काही कापलेलं नाही,” तो म्हणाला, आणि समजावायला लागला. पहिल्या महिन्याचे पैसे वर्षभर, शेवटच्या महिन्याचे एकच महिना. त्याने चमचे ओळीत मांडून दाखवले. सातातले हातात पावणेचारच कसे पडतात ते सांगितलं. काउंटरवरच्या त्या मुलीचा शब्दन् शब्द त्याने आपला म्हणून वापरला, आणि शेवटी, कुणीही न विचारता, जोडून दिलं की म्हणून एकरकमी पैसा मुदत ठेवीत ठेवावा, आमच्यासारखा.

सासूबाईंनी थोरल्या जावयाकडे नव्याने पाहिलं. म्हणाल्या, बोलत नाहीत फार, पण माहिती सगळी असते. आणि थोरली हसली. अगदी तसंच हसली जसं त्या रविवारी साडूकडे बघून हसली होती; किंबहुना त्याहून जास्त, कारण हा तिचा स्वतःचा नवरा होता. ती आईला म्हणाली, आमची पुढच्याच महिन्यात पुरी होते. मी धुलाईखान्यात सांगूनही टाकलंय, एवढा महिना भरला की येणार नाही. मशीनवाल्यालाही शब्द दिलाय.

हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. अचानक सांगून खूश करायचं असावं.

साडू जरा पुढे सरकला. त्याच्या आवाजात कुठे खोच नव्हती. “दादा, मला हे कळत नाही. उद्या मी तुमच्याबरोबर तुमच्या बँकेत येऊ का? तुमची आहे तशीच ठेव करून टाकतो.”

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं एका दमात समोर आलं होतं. सासू मान देतेय, बायको हसतेय, साडू शिकायला तयार आहे. चष्मेवाल्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. बायकोच्या मनगटावर एक नवा डाग होता, ह्याच आठवड्यातला. ती आईला मशीनचा रंग सांगत होती.

“ती ठेव नाहीये,” तो म्हणाला. “मोडली मी.”

सासूबाईंना ऐकू आलं नाही. त्यांनी काय काय म्हणून विचारलं. कुणी सांगितलं नाही.

“कधी?” थोरलीने विचारलं.

“मागे. ह्याचं खातं कळलं त्या आठवड्यात.”

“कशाला?”

खोटं अजूनही सुचत होतं. दुकानात अडचण आली होती, यंत्र बिघडलं होतं, कितीतरी. पण तिने त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं होतं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच तोही तिच्याकडे बघत होता.

“ह्याला सात मिळत होते म्हणून,” तो म्हणाला. “मला चार. तू ह्याच्याकडे बघून हसलीस.”

साडूच मध्ये पडला. म्हणाला, जाऊ दे ताई, होतं असं, मीही फसलोच की, मुद्दल तर आहे ना. तो सावरून घेत होता, आणि मनापासून सावरून घेत होता. चष्मेवाल्याला ते साडूच्या सात टक्क्यांपेक्षा जड गेलं.

थोरली ओरडली नाही. तिने चमच्यांची ती ओळ मोडून एकेक चमचा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “ते खातं मीच सुचवलं होतं धाकटीला. आमच्या धुलाईखान्यात निम्म्या बायकांचं आहे. ह्या दोघांच्या हातात पैसा टिकायचा नाही, म्हणून म्हटलं, पगार झाला की थोडे टाकत जा. त्या दिवशी मी हसले ते माझं ऐकलं म्हणून.”

धाकटीने मान हलवली. सासूबाई एकीकडून दुसरीकडे बघत राहिल्या.

“घरी बसून मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं,” थोरली म्हणाली. साडूला विचारायची लाज वाटली, हे चष्मेवाल्याला कळत होतं. पण बायकोला विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मग थोरली साडूकडे वळली. म्हणाली, उद्या सकाळी धुलाईखान्यात जाऊन सांगते की मी कुठे जात नाही, मला ठेवून घ्या. दुपारी दोन तास सुटी मागून घेते.

“तुम्हाला जमेल तर माझ्याबरोबर तुमच्या बँकेत याल का? मला तसलं खातं उघडायचंय. महिन्याला जमतील तेवढे टाकत जाईन, मशीन काय, पुढच्या वर्षी येईल.” मग तिने जोडलं, “माझ्या एकटीच्या नावावर.”

साडूने आधी चष्मेवाल्याकडे पाहिलं, मग खाली. “येतो, ताई,” तो म्हणाला.

चष्मेवाला आपल्या ताटावर हात ठेवून बसला होता. त्याला त्या बँकेचा रस्ता माहीत होता, काउंटर माहीत होतं, कुठल्या कागदावर कुठे सही लागते तेही माहीत होतं. साडू तिच्याबरोबर चालत जाईल, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसेल, ती त्याला एखादी गोष्ट विचारेल आणि तो सांगेल, हे त्याला लख्ख दिसत होतं. मी येतो, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.